गोदामात माल होता, तो उचलायला माणूस नव्हता

"लॉकडाउनमध्ये देशात धान्य भरपूर होतं म्हणतात, मग किराणा दुकानं रिकामी का पडली? पुन्हा तशी वेळ आली तर घरात किती साठा ठेवावा?" असं तुम्ही विचारलंय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं किराणा दुकान आहे. तिथं बसून जे बघितलं तेच सांगतो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि शहरात माल येणं थांबलं. ते समजण्यासारखं होतं. मार्च २०२० मध्ये रस्ते कोरडे होते, तरी गाड्या येईनात. अन्नधान्याच्या गाडीला परवानगी होती, पण ड्रायव्हरला वाटेत ढाबा नाही, पंक्चर काढणारा नाही. त्यात कारखाने बंद म्हणजे परतीचं भाडं नाही. रिकामी गाडी परत न्यायची तर भाडं दीडपट सांगणारच. गहू मध्य प्रदेशातनं, तूरडाळ लातूर-अकोल्याच्या मिलमधनं. सगळं या गाड्यांवरच येतं. पोती, पिशव्या, खोकी मात्र सुरुवातीला अत्यावश्यक मालात धरली नव्हती. डाळ तयार, पण भरायची कशात? २९ मार्चला केंद्रानं सगळ्याच मालवाहतुकीला मुभा दिली, तेव्हा कुठं ती गाठ सुटली.

खरा खोळंबा हमालांचा. इथल्याच लक्ष्मीपुरीच्या धान्य बाजारात आमच्या ठोक व्यापाऱ्याकडं साखरेची थप्पी छताला लागली होती, पण हमाल खेड्यातले आणि गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडवलेले. शेवटी मी आणि धाकट्या भावानं पन्नास किलोची पोती पाठीवर घेऊन टेम्पोत टाकली. सहाव्या पोत्याला भाऊ खालीच बसला. त्या दिवसापासून हमालीच्या दरावर मी कधी घासाघीस केलेली नाही.

त्यात गिऱ्हाईक घाबरलेलं. महिन्याला पाच किलो साखर नेणारं घर पंधरा किलो मागायचं. आमच्याकडं माल आठ-दहा दिवसांचाच असतो, तो दोन दिवसांत संपला. उलट हॉटेलं, चहाच्या गाड्या बंद पडल्यामुळं दूध जास्त झालं, इतकं की राज्य सरकारला रोज १० लाख लिटर दूध घेऊन पावडर करायचा निर्णय घ्यावा लागला.

साठ्याचं म्हणाल तर तीन आठवड्यांचा तांदूळ, गहू, डाळ, तेल, मीठ पुरे. तोही एकदम नेऊ नका, दर महिन्याच्या यादीत थोडा थोडा वाढवा. तुम्ही एका दिवशी तीन महिन्यांचं नेलंत, तर संध्याकाळी मजुरीचे पैसे हातात आल्यावर पाव किलो डाळ मागायला येणाऱ्या बाईला मला "नाही" म्हणावं लागतं. त्या एप्रिलमध्ये ते मला चारदा म्हणावं लागलं.