बाप्तिस्मा झालेला असताना पुन्हा दृढीकरण कशासाठी?

सोलापुरात शेजारच्या मुलीच्या दृढीकरणाचं आमंत्रण आलंय, तिचा बाप्तिस्मा तर तान्हेपणीच झाला होता, मग हे पुन्हा काय, मुंजीसारखं असतं का, असं तुम्ही विचारलंय. मी इथलीच, कॅथलिक आहे आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर मुलांना धर्मशिक्षण देते, म्हणून सांगते. दृढीकरण हा बाप्तिस्म्याच्या पुढचा आमचा एक संस्कार.

मुंजीशी साम्य म्हणाल तर घरी पाहुणे आणि गोडधोड, एवढंच. मुलगा असो, मुलगी असो, दृढीकरण दोघांचंही होतं, मोठेपणी ख्रिस्ती झालेल्यांचंही होतं. केरळातल्या कॅथलिकांच्या सिरो-मलबार परंपरेत तर बाप्तिस्म्याबरोबरच तान्ह्या बाळाला देतात. म्हणजे वयाशी याचा संबंध नावापुरता.

आमच्याही बऱ्याच घरांत समजूत असते की मूल स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करतं, तेच दृढीकरण. कबुली असते; बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी दिलेली वचनं मुलं उभी राहून स्वतः देतात. पण खरं देणं देवाचं असतं. बाप्तिस्म्यात सुरू झालेलं काम पवित्र आत्म्याच्या दानाने पुरं होतं, असं चर्च मानतं.

याचं मूळ बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे; प्रेषित म्हणजे येशूने निवडलेले शिष्य. पेंटेकॉस्ट या सणाच्या दिवशी शिष्यांवर पवित्र आत्मा आला, आणि येशूला धरलं तेव्हा पळालेली तीच माणसं भर गर्दीत बोलू लागली. ऐकणाऱ्या प्रत्येकाला ते आपापल्या भाषेत कळलं. मराठी, तेलुगू, कन्नड एकाच गल्लीत ऐकणाऱ्या आमच्या मुलांना हा भाग फार आवडतो. पुढे आठव्या अध्यायात पेत्र आणि योहान हे प्रेषित शोमरोन नावाच्या प्रदेशात जातात. तिथल्या लोकांचा बाप्तिस्मा झालेला असतो, तरी दोघे त्यांच्यावर हात ठेवतात आणि त्यांना पवित्र आत्मा मिळतो. तुमच्या 'पुन्हा कशाला'चं उत्तर इथेच आहे.

प्रेषितांचे वारस म्हणून हा संस्कार सहसा बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, देतात. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, त्यामुळे बिशप पुण्याहून येतात. आधी ते सगळ्या मुलांवर हात पसरून प्रार्थना करतात. मग एकेक मूल पुढे जातं, मागे धर्ममाता किंवा धर्मपिता, म्हणजे श्रद्धेच्या वाटेवर त्याला साथ देणारी मोठी व्यक्ती, त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवून उभे. बिशप अंगठा क्रिझममध्ये बुडवून कपाळावर क्रूस काढतात आणि मुलाचं नाव घेऊन पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा घे, अशा अर्थाचे शब्द उच्चारतात. हे शब्द 1971 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ठरवून दिले. क्रिझम म्हणजे ऑलिव्हच्या तेलात सुगंधी बाल्सम मिसळून बिशपांनी पवित्र केलेलं तेल. मूल जागेवर परतलं तरी शेजारच्याला तो वास येतो.

ही मुद्रा कायमची, म्हणून हा संस्कार आयुष्यात एकदाच. पुढे कुणाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता व्हायचं तर दृढीकरण झालेलं असावं लागतं.

काही मुलं मात्र यानंतर चर्चमध्ये फिरकत नाहीत, शेवटची परीक्षा दिल्यासारखी. मला याचं फार वाईट वाटतं. धैर्य, सुज्ञता ही दानं मिळतात ती शाळेत, कामावर, घरी ख्रिस्ताचं होऊन जगायला, आणि ते जगणं तर इथून पुढे असतं.

तुम्ही नक्की जा. मिस्सात पवित्र भाकर घ्यायला लोक जातात, त्या ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत तेवढं जाऊ नका, जागेवर बसून राहिलात तरी कुणाला खटकत नाही. भेट द्यायची तर रोझरी (जपमाळ) किंवा बायबल घरात बहुधा असतंच. तिला आवडेल असं एखादं पुस्तक द्या.