गेम हार्ड डिस्कवर, पण सेव्ह कुठे?

प्रश्न : ताई, माझ्याकडे २०१६पासून पीएस४ (प्लेस्टेशन ४ हे गेम खेळायचं मशीन) आहे. त्याला १ टीबीची यूएसबी हार्ड डिस्क जोडलेली आहे आणि तिच्यावर वीसेक गेम आहेत. दिवाळीत डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ स्लिम घेतला. तीच हार्ड डिस्क काढून नव्याला लावली तर चालेल का? दुकानदार म्हणतो, आतली जागा लगेच भरेल, २ टीबीची एनव्हीएमई (मशीनच्या आत बसणारी वेगवान डिस्क) आत्ताच बसवून घ्या. किंमत बरीच आहे. जुना पीएस४ येत्या रविवारी एक्स्चेंजला देतोय.
– एक वाचक, सांगली

उत्तर : आधी तो रविवार पुढे ढकला. बाकीचं सावकाश बोलू.

हार्ड डिस्क चालेल. पीएस५च्या मागच्या यूएसबी पोर्टला लावा, गेम ओळखले जातील. फॉरमॅट करायची गरज नाही; चुकून केलीत तर सगळं पुसलं जाईल. पण तुमचे सेव्ह त्या डिस्कवर नाहीत. बाहेरच्या डिस्कवर फक्त गेम आणि ॲप जातात. तुम्ही कुठवर खेळलात, कुठली हत्यारं मिळवलीत, ती सगळी नोंद पीएस४च्या पोटातच राहते. डिस्क काढून घेतली आणि मशीन देऊन टाकलं, की आठ-नऊ वर्षांचा खेळ त्याच्याबरोबर गेला.

हे माझ्या बाबतीत घडलंय. ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १७’मध्ये क्रिकेट अकॅडमी म्हणून एक भाग आहे, त्यात आपले खेळाडू आणि आपली टीम बनवता येते. मी आणि माझ्या धाकट्या भावाने दोन पावसाळे बसून आमच्या वाड्याची अख्खी टीम बनवली होती. डावखुरे जोशीकाका, चष्मा लावून विकेटकीपिंग करणारा वरच्या मजल्यावरचा मुलगा, आणि पहिल्या बदलाला बाबा, मध्यमगती, अगदी त्यांच्यासारखाच आखूड रनअप घेणारे. बाबा २०१९मध्ये गेले. २०२२मध्ये आम्ही पीएस४ एक्स्चेंजला दिला, घरी येऊन हार्ड डिस्क नव्या मशीनला लावली, गेम सुरू झाला. टीम नव्हती. दुकानात फोन केला तोवर मशीन पुसून झालं होतं. त्यांचं काही चुकलं नाही, विकण्याआधी पुसायलाच हवं. आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच. म्हणून या सदरात कुणी ‘एक्स्चेंज’ हा शब्द लिहिला की मी पहिलं हेच सांगते.

काम अर्ध्या तासाचं आहे. एक साधा पेन ड्राइव्ह घ्या, फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेला. गेमवाली हार्ड डिस्क यासाठी चालत नाही, सेव्ह तिच्यावर कॉपी होतच नाहीत. पीएस४च्या सेटिंग्जमध्ये ॲप्लिकेशन सेव्ह्ड डेटा मॅनेजमेंट उघडा आणि सिस्टिम स्टोरेजमधले सेव्ह यूएसबीवर कॉपी करा. पेन ड्राइव्ह पीएस५ला लावून, सेटिंग्जमधल्या सेव्ह्ड डेटाच्या भागात पीएस४चे सेव्ह शोधा आणि आत उतरवून घ्या. दोन्हीकडे खातं तेच हवं. सेव्ह खात्याला बांधलेले असतात. घरात मुलांची वेगळी खाती असतील तर प्रत्येकाचे सेव्ह वेगळे कॉपी करा, हे हमखास राहून जातं. पीएस प्लस (सोनीचं पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व) असेल तर क्लाउडवरूनही होतं, किंवा दोन्ही मशीन एकाच वाय-फायवर ठेवून डेटा ट्रान्सफर करता येतं. तरी पेन ड्राइव्हवरची प्रत हाताशी ठेवाच. नव्या मशीनवर दोन-चार गेम उघडून, जिथे सोडले होते तिथून सुरू होतात हे डोळ्यांनी पाहा. मग पीएस४ द्या.

आता एनव्हीएमई. तुमच्या कामासाठी ती आत्ता लागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पीएस४चे गेम त्या मशीनमधल्या साध्या, फिरत्या हार्ड डिस्कचा वेग धरून बनवलेले आहेत. पीएस५ ते बाहेरच्या यूएसबी डिस्कवरून थेट चालवतो, मग त्यांनी आतली महागडी जागा कशाला अडवायची? लोडिंगची वाट पाहणं नकोसं झालं असेल तर यूएसबीवाली एसएसडी (आत काही न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, फरक लगेच जाणवेल. पोर्टेबल हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, एसएसडी चारशेच्या वर जाते. त्याहून जास्त वेगाचा जुन्या गेमला फारसा उपयोग होत नाही. फक्त यूएसबी हबमधून जोडू नका, थेट मशीनला जोडा.

पीएस५च्या गेमचं गणित वेगळं. ते बाहेरच्या डिस्कवर ठेवता येतात, खेळता येत नाहीत. खेळायचे तर आत आणावे लागतात. तुमच्या स्लिममध्ये १ टीबी आहे. जुने गेम बाहेर ठेवलेत तर ती बरेच दिवस पुरेल. पुढे खरंच भरली तर एनव्हीएमई घ्या, पण पीसीआयई जनरेशन ४ची, सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्त वाचणारी, आणि हीटसिंकसह (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी). हीटसिंक धरून जाडी ११.२५ मिलिमीटरच्या आत हवी, नाहीतर झाकण बसत नाही. ८ टीबीपर्यंत चालते.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१८चा ‘गॉड ऑफ वॉर’ पीएस५वर सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’सुद्धा. एकदा जरूर बघा. ‘ब्लडबोर्न’ मात्र ३०वरच अडतो, कारण ती मर्यादा गेममध्येच लिहिलेली आहे. कितीही भारी एसएसडी लावली तरी ती उठत नाही.

प्रश्न : माझा पीएस५ डिजिटल, म्हणजे डिस्क ड्राइव्ह नसलेला आहे. पीएस४च्या चौदा डिस्क कपाटात पडून आहेत. त्या दाखवून गेम डाउनलोड करता येतात का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. डिस्कवर घेतलेला गेम खात्यात जमा होत नाही, दर वेळी डिस्क आत लागते. मशीन स्लिम असेल तर डिस्क ड्राइव्ह वेगळा विकत मिळतो; बसवताना एकदा इंटरनेट लागतं. चौदा डिस्कसाठी तो घ्यावा असं मी म्हणेन. सुरुवातीचा जाड डिजिटल पीएस५ असेल तर त्याला ड्राइव्ह बसत नाही.

प्रश्न : भावाच्या पीएस२च्या डिस्क नव्या पीएस५मध्ये चालतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : चालणार नाहीत. पीएस१ आणि पीएस३च्याही नाहीत. पीएस४ आणि पीएस५चे प्रोसेसर एकाच घराण्यातले, म्हणून त्यांचं जमतं. पीएस२ची रचनाच निराळी होती. तेव्हा पीएस२ विकू नका, लाल-पांढरी-पिवळी वायर घेणारा जुना टीव्ही घरात असेल तर तोही भंगारात देऊ नका. आणि ते ८ एमबीचं मेमरी कार्ड आजच मशीनमधून काढून एका डबीत ठेवा, डबीवर भावाचं नाव लिहा. त्याचा सगळा खेळ त्याच कार्डात आहे.