जूनमध्ये सह्याद्रीत 21 किमी ट्रेल रन आहे. चिखल आणि उकाडा दोन्ही असेल. बूट कोणते आणि पाणी किती?

बुटाच्या तळाचे दात 5-6 मिमी आणि विरळ हवेत. दाट दातांत लाल माती गच्च भरते, मग तळ सपाट होतो. वॉटरप्रूफ बूट नकोच. पाणी घोट्यावरून आत शिरतं आणि आतच राहतं. जाळीचे घ्या, सोबत सिंथेटिक मोजे. लेस सगळ्यात वरच्या भोकातून ओवून टाच आवळा, नाहीतर पाय निघतो, बूट चिखलातच! बोटांना आणि टाचेला आधीच व्हॅसलीन चोपडा.

चिखलात पावलं छोटी, टाच न आपटता. शेवाळलेल्या कातळावर मात्र कुठलेच दात कामाचे नाहीत, तिथे सरळ चाला.

खरा घात दमट हवा करते. घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. किलोमीटरची वेळ विसरा, धाप बघून वेग ठरवा. तहानेप्रमाणे तासाला साधारण 400-600 मिली पुरतं. त्यात ओआरएस हवं, पण एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच. नुसतं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. चिक्कीचे तुकडे आधीच सुटे करून झिपच्या पिशवीत ठेवा, चिखलाच्या हातांनी वेष्टन फाटत नाही.

उकाड्याची सवय व्हायला 10-14 दिवस लागतात, तेवढे दिवस दुपारी हळू पळा. कुणी असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर तो उष्माघात समजा: जागीच सावलीत घ्या, अंगावर भरपूर पाणी ओता, वैद्यकीय मदत बोलवा.