बुलेटच्या टाकीवर कँडी रेड आणि फ्लेक घरी मारता येईल का?

तुम्ही लिहिलंय की 2012 ची बुलेट आहे, टाकी आणि दोन्ही मडगार्ड कँडी रेड करायचेत, खाली जाड फ्लेक, म्हणजे चमकी, चमकायला हवी. गॅरेजवाल्याने साध्या रंगाच्या तिप्पट पैसे सांगितले. घरी कॉम्प्रेसर आहे, तर स्वतःच मारू का, असा प्रश्न आहे.

मी कोल्हापुरात सोळा वर्षं गाड्या रंगवतोय, त्यातली शेवटची नऊ-दहा वर्षं जास्त करून असलीच कामं. आधी पैशाचं सांगतो. साध्या लाल रंगाला प्रायमरचे (खालच्या अस्तराचे) दोन हात, रंगाचे दोन, क्लिअरचे (वरच्या पारदर्शक थराचे) दोन, असे सहा हात लागतात. तुम्हाला हवंय त्यात प्रायमरचे दोन, सिल्व्हरचे दोन, फ्लेकचे तीन, फ्लेक बुडवायला क्लिअरचे तीन, कँडीचे पाच आणि वरून पुन्हा क्लिअरचे तीन. झाले अठरा. मधलं घासणं आणि वाळायची वाट बघणं वेगळंच. तेव्हा त्या माणसाने तुम्हाला लुबाडलेलं नाही.

स्वतः करता येईल. पण हा रंग नेमका कुठे असतो ते आधी कळायला हवं, कारण पहिल्यांदा करणारे बहुतेक जण तिथेच चुकतात. साधा लाल रंग पत्रा झाकतो. कँडी काहीच झाकत नाही. तो रंगीत काचेसारखा आरपार असतो. उजेड त्यातून खाली जातो, सिल्व्हरवर आपटतो आणि पुन्हा त्याच लाल थरातून वर येतो. जुने सोनार बंद कोंदणात खडा बसवताना खाली चकचकीत पातळ पत्रा ठेवायचे, म्हणजे खडा आतून पेटल्यासारखा दिसायचा. टाकीवर आपण तेच करतो. खालचा पत्रा म्हणजे सिल्व्हर आणि फ्लेक, वरचा खडा म्हणजे कँडी. नावही त्यावरूनच आलंय. अमेरिकेत जत्रेत सफरचंदावर लाल साखरेच्या पाकाचं पारदर्शक कवच चढवून विकतात, ते कँडी ॲपल. कॅलिफोर्नियात जो बेलन यांनी 1950 च्या दशकात या लाल रंगाला नाव मिळवून दिलं. आज कावासाकीच्या कँडी लाइम ग्रीनसारखे रंग कारखान्यातूनच येतात, पण तिथे रंग फवारायची गन यंत्राच्या हातात असते आणि प्रत्येक टाकीला मोजून तेवढाच थर बसतो. आपल्याकडे तो थर मोजतो आपला खांदा आणि मनगट.

कँडी झाकत नसल्यामुळे खालचं सगळं वर दिसतं. प्रायमरवर 400 नंबरच्या घासायच्या पेपरचे ओरखडे राहिले तर ते सिल्व्हरमधून दिसणार आणि लाल चढल्यावर आणखी उठून दिसणार. म्हणून शेवटचं घासणं 600 ने, जमलं तर 800 ने, वॉटर पेपर आणि भरपूर पाणी घेऊन. लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) जिथे भरली असेल तिथली कड बोटाला लागता कामा नये. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, मिटून हात फिरवा. आणि एकदा सिल्व्हर बसला की त्याला पेपर लावायचा नाही. त्यातले ॲल्युमिनियमचे कण पडून बसलेले असतात, घासले की कापले जातात आणि तिथे डाग पडतो. धूळ बसली तर सिल्व्हरचा आणखी एक पातळ हात मारायचा, बास.

सिल्व्हर की सोनेरी, हेही आधीच ठरवा. सिल्व्हरवर लाल थंड, जांभळाकडे झुकणारा दिसतो. सोनेरीवर तोच लाल उबदार होतो, उन्हात निखाऱ्यासारखा. बुलेटला सोनेरी जास्त शोभतं असं माझं मत आहे. कारखान्यात तिच्या टाकीवर सोनेरी रेघा हाताने ओढायची परंपरा आहे. ती रेघ खालच्या सोनेरी उजेडाशी जुळते.

आता सर्वात महत्त्वाचं. टाकीला गन लावण्याआधी एक नमुन्याचा पत्रा करा. हे काम मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकासाठी करतो. फूटभर लांब, वीतभर रुंद पत्रा घ्यायचा, टाकीसारखाच प्रायमर आणि सिल्व्हर मारायचा. मग कँडीचा पहिला हात पूर्ण पत्र्यावर. वाळला की एका टोकाची दोन बोटं रुंद पट्टी कागद-टेपने झाकायची आणि उरलेल्यावर दुसरा हात. पुन्हा शेजारची पट्टी झाकायची, तिसरा हात. असं सात-आठ हातांपर्यंत. शेवटी सगळे कागद काढले की पत्र्यावर रंगाचा जिना दिसतो. पहिल्या पायरीवर कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा फिका गुलाबी. तिसरीवर लाल यायला लागतो, पण अजून चंदेरीपणा वरचढ असतो. पाचवी पायरी पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याची. आठवीवर सावलीत तो जवळजवळ काळपट मरून रंगाचा होतो, पण उन्हात धरला की पेटतो. हा पत्रा अंगणात उन्हात, सावलीत आणि रात्री दिव्याखाली बघा, क्लिअर मारून बघा आणि मग ठरवा की तुम्हाला कितवी पायरी हवी. तेवढेच हात टाकीला, तेवढेच मडगार्डला. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

मी हे एका चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका गाडीची टाकी सकाळी मारली. मडगार्ड टांगायला जागा नव्हती म्हणून ते दुसऱ्या दिवशी. हात मोजून पाचच मारले होते, पण रंग नव्याने कालवला होता आणि दुसऱ्या दिवशी माझा हात जरा भरभर फिरला. फिट केल्यावर टाकी लाल आणि मडगार्ड गुलाबी. मालक काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. तिन्ही भाग पुन्हा केले. तेव्हापासून सगळे भाग एका दोरीवर, एकाच दिवशी, एकाच भांड्यातल्या रंगाने. टाकीचा हात संपला की लगेच पुढचं मडगार्ड, मग मागचं, आणि मगच दुसरा हात.

मारताना गन पत्र्यापासून वीतभर अंतरावर, एकाच वेगात ठेवा. साध्या रंगाला आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवला तरी चालतो, कँडीला पाऊण चढवा, नाहीतर वाघाच्या अंगासारखे पट्टे उमटतात आणि ते पुढच्या हातांनी जात नाहीत, गडद होतात. टाकीच्या कडा, झाकणाभोवतीची जागा आणि खालचा गुडघ्याजवळचा खोलगट भाग इथे दोन्ही बाजूंनी रंग येतो, म्हणून तिथे आपोआप जास्त गडद होतं. आधी कडा हलक्या हाताने घ्या, मग पूर्ण टाकी. दोन हातांत दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. घाई केली की थिनर खाली अडकतो आणि आठवड्याभराने बारीक फोड येतात. ओघळ आला तर साध्या रंगात घासून पुन्हा मारता येतं. कँडीत ओघळ म्हणजे तिथे जास्त थर, जास्त थर म्हणजे गडद डाग, आणि तो काढायचा म्हणजे सिल्व्हरपासून पुन्हा.

फ्लेक म्हणजे चमकी, प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मवर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन षटकोनी कापलेले तुकडे. नेहमीच्या सिल्व्हर रंगातला कण पिठासारखा बारीक असतो. फ्लेकचा तुकडा त्याच्या कितीतरी पट, साधारण 100, 200, 400 मायक्रॉन अशा आकारांत मिळतो. तुम्ही जाड म्हणताय, पण बुलेटच्या टाकीला 200 घ्या. 400 लांबून छान दिसतो, जवळून नाटकातल्या कपड्यासारखा. तो क्लिअरमध्ये कालवून मारायचा, साध्या 1.3 मिलिमीटरच्या नोझलने नाही, 2 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या नोझलने. गनच्या भांड्यातली जाळी आठवणीने काढा. ती राहिली तर दुसऱ्या मिनिटाला गन बंद. चमकी तळाला बसते, म्हणून सारखं हलवत राहायचं. काही जण भांड्यात दोन काचेच्या गोट्या टाकतात. युक्ती चांगली आहे.

फ्लेकनंतर टाकीवर हात फिरवला तर ती खरखरीत लागेल. त्यावर थेट कँडी मारू नका, रंग खळग्यांत साचतो आणि वर फिका राहतो. क्लिअरचे तीन हात देऊन फ्लेक पुरा बुडवा, दोन दिवस वाळू द्या आणि 600 च्या पेपरने ठोकळा धरून सपाट करा. फक्त क्लिअर घासायचं, फ्लेकला पेपर लागू द्यायचा नाही. लागला की मुलामा उडून तिथे मेलेला ठिपका दिसतो. शंका आली तर थांबा आणि क्लिअरचा आणखी एक हात द्या.

इतक्या थरांनी रंग जाड होतो, ही गोष्ट फिटिंगच्या वेळी कळते. बोल्टखाली आणि वॉशरखाली रंग राहू देऊ नका, आवळताना तडकतो. ती भोकं सुरुवातीपासून टेपने झाका.

वरचं क्लिअर टू-के पीयूचंच (हार्डनर मिसळून मारायच्या दोन भागांच्या पॉलियुरेथेनचं) घ्या, ज्यात ऊन रोखणारा भाग आहे असं. कँडीतला लाल उन्हाने फिका होतो, आणि जुन्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरला पेट्रोल लागलं की ते खराब होतं. टाकीच्या झाकणापाशी पेट्रोल सांडणारच. पावसाळ्यात हे काम काढू नका. आषाढातल्या दमट हवेत लॅकरवर पांढरं धुकं चढलेलं मी पाहिलंय. कॉम्प्रेसरच्या नळीला पाणी अडवणारा फिल्टर मात्र बाराही महिने हवा.

पण टू-के म्हणजे हार्डनर, आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. या एका मुद्द्यावर मी हात जोडून सांगतो. ज्यांच्याकडे मी काम शिकलो ते मिस्त्री आयुष्यभर नाकाला रुमाल बांधून रंग मारत आले. आज त्यांना दमा आहे आणि शेजारच्या शेडमध्ये कुणी क्लिअर मारायला लागलं तरी त्यांना उठून लांब जावं लागतं. एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोडंसंही पुरतं, आणि वासावरून ते किती आहे हे कळत नाही. रुमाल चालत नाही, कोरोनातला कापडी मास्क चालत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने आत देणारा मास्क सगळ्यात चांगला. तो नसेल तर निदान रंगकामासाठीचा, हवा गाळणारी नवी काडतुसं बसवलेला चेहराबंद मास्क, हातमोजे आणि अंगभर कपडे. घरातल्या बंद पार्किंगमध्ये, जिथे वर मुलं झोपतात, तिथे हे काम करू नका. एवढी सोय होत नसेल तर प्रायमर, घासणं, सिल्व्हर, कँडी तुम्ही करा आणि टू-केचे हात रंगकामाची बंदिस्त खोली (बूथ) असलेल्या गॅरेजमधून मारून घ्या. फ्लेक आणि तो बुडवायचं क्लिअर ही एक, शेवटचं क्लिअर ही दुसरी, अशा दोन फेऱ्या होतील. कँडीही हार्डनरची असली तर तीही तिथेच. आणि टाकी काढल्यावर पेट्रोल ओतून देऊन ती मोकळ्या हवेत नीट वाळू द्या. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, तिच्याजवळ ग्राइंडर किंवा वेल्डिंग नको.

कागदपत्रांचंही बघा. आरसी बुकात रंगाची नोंद असते, त्यामुळे रंग बदलण्याआधी आरटीओकडून परवानगी घेऊन नोंद बदलून घ्या. बुलेटवाल्यांना अजून एक सांगावं लागतं: लष्कराचा ऑलिव्ह ग्रीन खासगी गाडीला नियमानेच चालत नाही.

पहिल्यांदाच गन धरत असाल तर टाकीआधी बाजूच्या टूलबॉक्सवर हात बसवा. त्यावर पडद्याच्या दुकानातली जाळीदार लेस ताणून बांधा, सिल्व्हरवर लेसमधून काळा किंवा सोनेरी हलका फवारा द्या, लेस उचला आणि वरून कँडीचे तीन हात. कॅलिफोर्नियात लॅरी वॉटसन 1960 च्या दशकात गाड्यांच्या टपांवर असं लेसकाम करायचे. भाग छोटा, खर्च कमी, आणि बिघडला तरी एका संध्याकाळीत पुसून नव्याने सुरू करता येतो.

नमुन्याचा पत्रा झाला की दुपारच्या उन्हात त्याचा फोटो काढून इथेच खाली टाका, पायऱ्यांवर पेनाने आकडे घालून. चौथी घ्यायची की पाचवी, ते बघून सांगतो.