कादंबरी जाड आहे म्हणून

पत्र: ताई, मी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. वर्गात कॉन्व्हेंटमधून आलेल्या चार-पाच मुली सरांशी फाडफाड बोलतात, मी मागच्या बाकावर गप्प. चाचणीत वीसपैकी सात मिळाले आणि पेपरवर सरांनी लिहिलं, ‘यात तुझं काय आहे?’ रात्र रात्र अभ्यास करते, ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं गाइड तोंडपाठ आहे, मूळ कादंबरी जाड असल्यामुळे घेतली नाही. बाबा म्हणतात बी.एड. कर, आई स्थळं बघतेय. इंग्रजी सोडून मराठीत एम.ए. करू का?
– गप्प बसलेली

अगं, माध्यम, सर, त्या मुली, आईबाबा, सगळ्यांचं सविस्तर लिहिलंस आणि मुद्द्याची गोष्ट अर्ध्या ओळीत उरकलीस. कादंबरी जाड आहे म्हणून घेतली नाही. एम.ए.ला! मग सरांचं काय चुकलं? पेपरात जे होतं ते गाइडवाल्याचं, आणि सात गुणही त्यालाच पडलेत.

तुझा पेपर न बघता सांगते. सुरुवात, ‘जेन ऑस्टेनचा जन्म १७७५ साली स्टीव्हन्टन इथे झाला.’ मग दीड-दोन पानं कथानक. मग ‘आयरनी’, म्हणजे उपरोध, हा शब्द तीनदा, उदाहरण एकही नाही. शेवटी कादंबरी अजरामर. गठ्ठ्यात असे पेपर एकापाठोपाठ एक येतात, तपासणारा पहिल्या ओळीलाच ओळखतो.

आता पहिलं प्रकरण उघड, दोन-तीन पानांचं आहे. नेदरफील्ड नावाचा शेजारचा बंगला भाड्याने गेला, ही बातमी बेनेटबाई नवऱ्याला सांगताहेत आणि तो उत्तरच देत नाही. कुणी घेतला ते विचारायचंही नाही का, म्हणून बाई वैतागतात. तेव्हा तो म्हणतो, तुला सांगायचंय ना, माझी ऐकायला हरकत नाही. की बाई सुटल्या! मुलगा तरुण, बिनलग्नाचा, वर्षाला चार-पाच हजारांचं उत्पन्न, आपल्या मुलींचं नशीबच उघडलं. नवरा थट्टा करतोय असं लेखिका मध्ये कुठेही म्हणत नाही. बऱ्याच वाक्यांना तर कोण बोललं तेही लिहिलेलं नाही, ढंगावरून ओळखायचं. दोघांचे स्वभाव ती उघड सांगते ते थेट शेवटच्या परिच्छेदात. गाइडवाले बहुधा तेवढाच उचलतात. म्हणून तुला निकाल पाठ आहे आणि पुरावा ठाऊक नाही.

उद्या ग्रंथालयात जा आणि पुस्तक आण. एकूण ६१ प्रकरणं आहेत ना, ते मोजून घे. तीन खंडांत छापलेली प्रत असेल तर २३, १९ आणि १९. कमी भरली तर ती संक्षिप्त आवृत्ती, तिथल्या तिथे परत कर. मागे टिपा असलेली प्रत मिळाली तर उत्तम, कारण काही शब्दांचा तेव्हाचा अर्थ आजच्या शब्दकोशात पहिला सापडत नाही. कॉलिन्स नावाचा पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनच्या ‘कंडेसेन्शन’चे गोडवे गातो. आज त्याचा अर्थ तुच्छतेने वागणं, तेव्हा मात्र मोठ्यांनी खालच्यांशी सौजन्याने वागणं, म्हणून त्याच्या मते ते कौतुक असतं. पुस्तक नाहीच मिळालं तर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे.

रोज तीन प्रकरणं, एकविसाव्या दिवशी एकच उरतं. पहिले चार-पाच दिवस जड जातील. वाक्यं लांब असतात आणि तू क्रियापदापर्यंत पोचेतो कर्ता विसरतेस. मोठ्याने वाच, अर्धविरामापाशी थांब, पुढे जा. प्रत्येक अडलेल्या शब्दाला शब्दकोश उघडलास तर दोन दिवसांत पुस्तक मिटशील, खात्रीने. प्रकरण संपल्यावर फार तर पाच शब्द बघ, तेही पुन्हा पुन्हा आलेले. उच्चारांची भीती वाटत असेल तर लिब्रिव्हॉक्सवर अख्खी कादंबरी फुकट ऐकता येते, पुस्तक समोर ठेवून ऐक. सिनेमा नंतर.

एक वही कर. डाव्या पानावर पुस्तकातले दहा-बारा शब्द, जसेच्या तसे, प्रकरणाच्या क्रमांकासह. उजव्या पानावर ते का खटकले किंवा का आवडले, ते मराठीत. हो, मराठीतच. विचार आधी होऊ दे, इंग्रजी दुसऱ्या हाताने करता येतं. उत्तर लिहिताना एक म्हणणं मांड, त्याखाली वहीतलं अवतरण, मग त्या शब्दांनी नेमकं काय केलं त्याच्या तीन-चार ओळी. असे चार परिच्छेद म्हणजे एक उत्तर. स्टीव्हन्टनला जायची गरज नाही.

मराठीत एम.ए. करायचंय तर खुशाल कर. पण तिथे पुस्तकं वाचावी लागत नाहीत असा समज असेल तर तो आधी काढून टाक. बी.एड.चंही तेच. आणि फाडफाड बोलणाऱ्या त्या मुलींनी तरी कादंबरी उघडलीय का, याची मला शंकाच आहे.

आठव्या दिवशी तू बाविसाव्या प्रकरणाशी येशील. शार्लट लुकस, वय २७, दिसायला बेताची, हुंडा नाही म्हणण्याइतकाच. कॉलिन्स हा मूर्ख माणूस आहे हे तिला पक्कं माहीत आहे आणि तरी ती त्याला होकार देते, कारण घर मिळतंय. तिची मैत्रीण, म्हणजे कादंबरीची नायिका एलिझाबेथ, हिला ते अजिबात पटत नाही. घरात स्थळं येत असलेल्या मुलीला यावर मत नसेल, हे शक्यच नाही. ते मत वहीत लिही, त्याला त्या प्रकरणातली दोन वाक्यं जोड आणि पुढच्या तासाला हात वर करून सरांना विचार: शार्लट चुकली का? इंग्रजी अडखळलं तर अडखळू दे.

आणि आईला सांग, एकवीस दिवस फोटो दाखवू नकोस, अभ्यास आहे.