दार उघडण्याआधी: गाडीत चढण्या-उतरण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मोटार वाहन निरीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर चालकांना शिकवतो. पत्रं येतात त्यांत निम्म्यांचा प्रश्न एकच: दंड किती? कसं उतरायचं, हे फार थोडे विचारतात. म्हणून या वेळी चढण्या-उतरण्याचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: शेअर रिक्षात उजव्या टोकाला बसलेला माणूस दांड्याखालून वाकून रस्त्याच्या बाजूलाच उतरतो. हे चालतं का? (ठाणे)

नाही. तो दांडा त्यासाठीच लावलेला असतो. डावीकडच्यांनी क्षणभर खाली उतरून त्याला वाट द्यावी.

प्रश्न: सिग्नलला बस थांबली की चालक दार उघडतो, लोक उतरतात. थांबा पुढे दोनशे पावलांवर असतो. उतरलं तर काय बिघडतं? (पुणे)

थांब्यावरच उतरा. कंडक्टरची एक घंटा थांबण्याची आणि दोन निघण्याची, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सिग्नलला उतरणारा माणूस त्या घंटेच्या हिशेबात नसतो. बस हलते तेव्हा त्याचा एक पाय पायरीवर आणि एक हवेत असतो, शिवाय बस आणि फुटपाथ यांच्यामधल्या फटीतून दुचाक्या घुसत असतात. चालक रोजच असं करत असेल तर बसचा क्रमांक आणि वेळ लिहून आगारात लेखी तक्रार द्या.

प्रश्न: रस्त्याकडेला गाडी थांबवली. मुलीने मागचं उजवं दार उघडलं आणि मागून आलेला दुचाकीस्वार त्यावर आदळला. त्याचं मनगट मोडलं. सगळे म्हणतात, मागून धडकतो तोच दोषी. खरं काय? (नाशिक)

हे "सगळे म्हणतात" मी तीस वर्षं ऐकतो आहे. पुढचं वाहन चालू असताना मागच्याने अंतर ठेवलं नाही, तर त्याची चूक धरतात. थांबलेल्या गाडीचं दार एखाद्याच्या वाटेत अचानक उघडणं ही वेगळी गोष्ट आहे. ती वाट त्याची होती. तुमचं दार तिच्यात आलं.

जरा हिशेब करा. ताशी ४० किलोमीटरने येणारी दुचाकी एका सेकंदात ११ मीटर जाते. दार पूर्ण उघडायला सेकंदसुद्धा लागत नाही. स्वार आठ मीटरवर असेल तर त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोचण्याआधीच तो दारावर असतो. चुकवायला उजवीकडे वळला तर मागून येणाऱ्या ट्रकपुढे जातो. दाराला न लागताही माणूस मेलेला मी पंचनाम्यात पाहिला आहे. गाडीवर एक ओरखडासुद्धा नव्हता. म्हणून "आमच्या दाराला कुठे लागलं?" हा युक्तिवाद मला कोणी ऐकवू नये.

आता उपाय. उजवीकडे बसला असाल तर दार डाव्या हाताने उघडा, डावीकडे बसला असाल तर उजव्या हाताने. दारापासून लांबचा हात कडीपर्यंत नेताना खांदा वळतो, मान वळते आणि नजर आपोआप मागच्या रस्त्यावर जाते. नेदरलँड्समध्ये ही सवय जुनी आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही २०२२ पासून ती लिहिलेली आहे. आधी बोटभर फट, नजर, मग दार. मागच्या सीटवरच्याला आरशात काही दिसत नाही, कारण आरसा चालकाच्या डोळ्यांसाठी लावलेला असतो. म्हणून "थांबा, गाडी येतेय" किंवा "आता उतरा" हे चालकाने तोंडाने सांगायचं.

त्याहून पक्का उपाय तुमच्या गाडीत आधीपासून आहे. मागचं उजवं दार उघडा आणि त्याच्या कडेला, कुलपाजवळ पाहा. किल्लीच्या टोकाने सरकवायची छोटी कळ असते. तोच चाइल्ड लॉक. तो लावला की ते दार आतून उघडत नाही आणि मागचे सगळे डावीकडूनच उतरतात. डावं दार मोकळं ठेवा, अडचणीच्या वेळी बाहेर पडायला वाट हवी. एकेरी रस्त्यावर उजव्या कडेला गाडी लावलीत तर बाजू उलटते, हेही लक्षात असू द्या. दारावर लावायचे लाल दिवे आणि चमकत्या पट्ट्या विकणारे दुकानदार या कळेबद्दल बोलत नाहीत, कारण तिचे पैसे मिळत नाहीत. मागच्या काचेला काळी फिल्म लावून देणारेही तेच. कायद्याने मागच्या काचेतून किमान ७० आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश यायला हवा. संध्याकाळी मागून येणारा सायकलवाला त्या फिल्ममधून तुम्हाला कसा दिसणार?

तुमच्या प्रकरणाकडे येतो. अपघातानंतर जखमीला उपचार मिळवून देणं आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचं कर्तव्य आहे. तुम्ही पत्रात लिहिता, "आपसात मिटवायचं चाललंय, तीन आठवडे झाले." हे तीन आठवडे वाया गेले. पोलिसांकडे आणि विमा कंपनीकडे लेखी कळवा, आजच. गाडी उभी होती म्हणून विमा लागू नाही, असं कोणी सांगेल. त्यावर विसंबू नका. १९८७ साली साताऱ्याजवळ महामार्गावर पेट्रोलचा टँकर उलटला आणि काही तासांनी त्याचा स्फोट झाला. त्या खटल्यात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उलटून पडलेल्या टँकरचाही "वापर" चालूच असल्याचं मानलं, आणि भरपाई ठरते ती वाहनाच्या वापरावरच. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असं निष्काळजी कृत्य भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये येतं. हाड मोडणं ही त्यात गंभीर दुखापत ठरते. दुचाकीस्वाराच्या वेगाचाही विचार होईल, पण कोणाचा किती दोष हे मी ठरवणार नाही, तुमचे नातेवाईकही नाहीत. अपघात दाव्यांचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. दावा दाखल करायला कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्यावरचा वाद कोर्टात गेलेला असला तरी त्याच्या भरवशावर कोणी बसू नये.

प्रश्न: नवी मोटारसायकल घेतली. शोरूमवाला म्हणतो, साडीगार्ड ॲक्सेसरी आहे, वेगळे पैसे पडतील. (सांगली)

खोटं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ वाचायला द्या त्याला. मागे बसणाऱ्यासाठी धरायला पकड, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि निम्मं मागचं चाक झाकणारं आवरण मोटारसायकलला असलंच पाहिजे. बिलात वेगळी रक्कम लावली तर ते बिल जपून ठेवा, आरटीओत लेखी तक्रार करा आणि एखाद्या ग्राहक संघटनेचा सल्ला घ्या.

चढण्या-उतरण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. गाडी पूर्ण थांबू द्या, चालवणाऱ्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकू द्या, पदर किंवा ओढणी कमरेला खोचा आणि डावीकडून उतरा. बहुतेक मोटारसायकलींचा सायलेन्सर उजवीकडे असतो आणि पोटरी भाजते ती तिथेच.

प्रश्न: शाळेची व्हॅन मुलाला घरासमोर, पण रस्त्याच्या पलीकडे सोडते. व्हॅनवाले काका म्हणतात, स्कूलबस थांबली की बाकीच्यांना थांबावंच लागतं. (छत्रपती संभाजीनगर)

तो नियम अमेरिकेतला आहे. आपल्या रस्त्यावर कोण थांबतं, हे तुम्ही रोज बघता.

मूल उतरतं, घर समोर दिसतं, आई दारात दिसते आणि ते व्हॅनच्या पुढून धावतं. व्हॅन ओलांडून येणाऱ्या मोटारीला ते दिसत नाही आणि त्यालाही मोटार दिसत नाही. मोठ्या बसच्या अगदी पुढ्यात उभं राहिलेलं सहा वर्षांचं मूल तिच्या चालकालाही दिसेलच असं नाही. म्हणून मुलाला न्यायला मोठं माणूस व्हॅनच्या बाजूलाच हवं. व्हॅन निघून जाऊ द्या, रस्ता दोन्हीकडे दिसू द्या, मग हात धरून ओलांडा. राज्याच्या २०११ च्या स्कूलबस नियमांत गाडीत मदतनीस ठेवण्याची आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असण्याची तरतूद आहे. थांबा बदलण्याची मागणी काकांकडे नको, त्या समितीकडे लेखी करा. पुढच्या सभेची वाट पाहू नका.

प्रश्न: मागे बसणाऱ्यांनाही सीटबेल्ट लागतो का? (कोल्हापूर)

हो. न लावल्यास कायद्यात दंड १,००० रुपये. आणि गाडी थांबल्यावरच काढायचा, गल्ली आली म्हणून आधीच सोडायचा नाही.

प्रश्न: आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. मोटारीत कसं बसवावं? (रत्नागिरी)

गाडी गटार किंवा उंच फुटपाथाला चिकटवून लावू नका. पायाखाली सपाट जमीन हवी. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवा. आईंनी सीटकडे पाठ करून उभं राहायचं, पोटऱ्या सीटला टेकल्या की हळू बसायचं आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. उतरताना उलट क्रम. दाराला धरून उठू देऊ नका, दार हलतं. डोक्यावर तुमचा हात ठेवा, चौकट लागते. गुडघा किती वाकवायचा आणि किती दिवसांनी प्रवास करायचा, हे मात्र शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा. पहिल्या वेळी त्यांच्यासमोरच गाडीत बसवून बघता आलं तर उत्तम.