गळाच्या पाकिटावरचा मासा

प्रश्न : हतनूर धरणात वडील जाळं टाकतात, मी सुटीत गळ. भुसावळच्या बाजारातून आणलेल्या गळाच्या पाकिटावर मासा आणि खाली दोन चिनी अक्षरं आहेत. मोबाइल ती 'लीयू' वाचतो. मित्र पहिल्या अक्षरावर बोट ठेवून म्हणतो, 'कोई'. खरं काय? फोटो पाठवतोय.
– एक वाचक, भुसावळ तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या मोबाइलचं बरोबर. पण मित्रही थापा मारत नाहीये. अक्षर चीनचं; जपान्यांनी ते उचललं आणि त्यावर आपला शब्द वाचला, कोई. केळीच्या वजनपट्टीवर २० दिसलं की आपण वीस म्हणतो आणि इंग्रजी शाळेतला नातू ट्वेंटी, तसंच. मासा तोच, तुमचे वडील ज्याला सायप्रिनस म्हणतात, म्हणजे कॉमन कार्प.

आता पहिलं अक्षर बघा. त्याचा डावा अर्धा म्हणजे दुसरंच अक्षर, अंग चोरून बसलेलं : 'यू', मासा. वर वाकडं डोकं, मध्ये फुलीची चौकट म्हणजे अंग, खाली शेपटीच्या जागी एक आडवी रेघ. जुन्या वळणात, आणि जपानात आजही, तिथे चार ठिपके असतात. तुमच्याकडे रेघ आहे, म्हणजे पाकीट चिनीच वाचायचं.

उजवीकडेही तशीच चौकट आहे, पण ती शेताची; तिच्याखाली माती. दोन्ही मिळून 'ली', म्हणजे गाव. म्हणून 'गावतळ्यातला मासा' असा अर्थ लावू नका! गाव इथे फक्त आवाजापुरतं आलंय. डावं अंग जात सांगतं, उजवं उच्चार. जातीचा हिशेब मात्र सैल : देवमासा आणि मगरसुद्धा याच माशाच्या खुणेने लिहितात.

उच्चारात 'ली' खालच्या पट्टीत, दबक्या आवाजात. मी शिकताना तो वर चढवला आणि बाई हसल्या. चढवलेला 'ली' म्हणजे नासपती. 'यू' मात्र चढवायचाच, आपण चकित होऊन 'हो?' विचारतो तसा. ओठ शीळ घालायला करतो तसे गोल ठेवा आणि आतून 'ई' म्हणा. याच उच्चाराचा दुसरा शब्द आहे 'शिल्लक', म्हणून चिनी नववर्षाच्या जेवणात मासा हवाच.

थोडक्यात, गळ सायप्रिनसचा आहे. कणकेची गोळी लावून तळाशी सोडा, तो तिथेच चरतो.